केलं की करत होते? सिंपल पास्ट आणि पास्ट कंटिन्युअसची घरच्या घरी प्रॅक्टिस

सिंपल पास्ट (केलं) आणि पास्ट कंटिन्युअस (करत होते) हे इंग्रजीतले दोन भूतकाळ बहुतेक ठिकाणी वेगवेगळे शिकवतात, आधी एकाचा तक्ता पाठ करा मग दुसऱ्याचा, आणि मग बोलायची वेळ आली की माणूस अडकतो कारण खऱ्या बोलण्यात हे दोन काळ जोडीनंच येतात. काहीतरी चालू होतं आणि मधेच काहीतरी झालं. मी स्वयंपाक करत होते आणि लाइट गेली. "आय वॉज कुकिंग अँड द लाइट्स वेन्ट आउट." म्हणून माझं ठाम मत आहे की अगदी नवीन शिकणाऱ्यानेसुद्धा पहिल्या आठवड्यापासून दोन्ही एकत्रच बोलायचे. खाली जे लिहिलंय ते घरी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आणि घरी मुलांना शिकवणाऱ्या आईबाबांसाठी, दोघांसाठीही आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्याच्या आधी शिकलेल्यांचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, त्यामुळे आजही कितीतरी घरांत मुलगा आणि आई एकाच पातळीवरून शिकत असतात आणि तसं शिकणं खूप छान होतं.

फरक काय ते आधी मराठीतच बघा, कारण तो आपल्याला येतोच. "ती आली तेव्हा मी चहा केला." "ती आली तेव्हा मी चहा करत होते." पहिल्यात ती आली, बसली, मग आधण ठेवलं. दुसऱ्यात ती दारात आली तेव्हा चहा आधीच गॅसवर होता. इंग्रजीत अगदी हेच, "व्हेन शी केम, आय मेड टी" आणि "व्हेन शी केम, आय वॉज मेकिंग टी". ही दोन वाक्यं मोठ्याने दहा वेळा म्हणा आणि म्हणताना डोळ्यासमोर गॅस आणा, चहा आधी चालू होता की नंतर ठेवला. हे चित्र नीट बसलं की अर्धं काम झालं.

वाक्य बनवायचं तर पास्ट कंटिन्युअसला आय, ही, शी, इट यांच्यापुढे वॉज, आणि यू, वी, दे यांच्यापुढे वर (were), मग क्रियापदाला आयएनजी. यू एकट्यासाठी असो की दहा जणांसाठी, वरच येणार, तू पण वर आणि तुम्ही पण वर. सिंपल पास्टमध्ये तर तेवढीही भानगड नाही. मराठीत मी गेलो, ती गेली, ते गेले, आम्ही गेलो, शिवाय तिने चहा केला पण तिने भाकरी केली, म्हणजे क्रियापद चहाप्रमाणे आणि भाकरीप्रमाणेही बदलतं, आणि हे सगळं आपण न चुकता बोलतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच वेन्ट, एकच मेड. मराठी बोलणाऱ्या माणसाला हे अवघड नाहीये, खरंच.

अवघड आहेत ते दोन भाग, एक उच्चार आणि दुसरा अनियमित क्रियापदं.

उच्चाराचं असं की शेवटी ईडी दिसलं की आपल्याकडे सरसकट एड म्हणतात, वॉकेड, आस्केड, कुकेड. तसं नसतं. वॉक्ट, आस्क्ट, कुक्ट, वॉश्ट असं म्हणायचं, आणि प्ले, क्लीन, ओपन यांचं प्लेड, क्लीन्ड, ओपन्ड. वेगळा इड ऐकू येतो तो फक्त मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच, वेटेड, स्टार्टेड, नीडेड. एवढा एक नियम पाळला तरी बोलणं एकदम स्वच्छ वाटायला लागतं.

अनियमित क्रियापदांची लांबलचक यादी भिंतीवर चिकटवून उपयोग होत नाही, ती आवाजाप्रमाणे लावायची. काही अजिबात बदलत नाहीत, कट, पुट, हिट, शट, हर्ट. काहींमध्ये इ चा ॲ होतो, सिंग सँग, रिंग रँग, ड्रिंक ड्रँक, बिगिन बिगॅन. एक गट ऑट वाला, बाय बॉट, ब्रिंग ब्रॉट, थिंक थॉट, टीच टॉट, कॅच कॉट. एक गट एप्ट वाला, स्लीप स्लेप्ट, कीप केप्ट, स्वीप स्वेप्ट. एक ओ वाला, ब्रेक ब्रोक, स्पीक स्पोक, राइट रोट, टेल टोल्ड, सेल सोल्ड. आणि गो वेन्ट, कम केम, सी सॉ, टेक टुक, हॅव हॅड ही रोज लागणारी म्हणून ती आधी. रीडचं स्पेलिंग तेच राहतं फक्त उच्चार रेड होतो, हे मुलांना फार आवडतं. रोज एक गट घ्या आणि त्या दिवशी घरात त्याच गटाची वाक्यं बोला, "आय बॉट मिल्क", "बाबा ब्रॉट मँगोज", आणि एप्ट वाल्या दिवशी "आय स्वेप्ट द फ्लोअर".

नकार आणि प्रश्न यात एकच गोष्ट सांभाळायची. डिड आला की भूतकाळ डिडने घेतला, पुढचं क्रियापद मूळ रूपात. "आय डिडन्ट वेन्ट" चूक, "आय डिडन्ट गो" बरोबर. "व्हाय यू डिडन्ट केम" हे तर सगळीकडे ऐकू येतं, ते "व्हाय डिडन्ट यू कम". पास्ट कंटिन्युअसला डिड लागतच नाही, वॉज किंवा वर उचलून पुढे आणायचं, "वर यू स्लीपिंग?", "वॉज शी कुकिंग?"

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथे मराठी आपल्याला फसवते. आपण बोलताना "होतो, होते, होती" फार वापरतो आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात होतो म्हणजे वॉज हे इतकं पक्कं बसलेलं असतं की होतो दिसला की वॉज येतोच. "मी काल पुण्याला गेले होते" याचं "आय वॉज वेन्ट" होतं, किंवा थोडं जास्त शिकलेला असेल तर "आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे". इंग्रजीत इथे साधं "आय वेन्ट टू पुणे येस्टरडे". काल, परवा, गेल्या रविवारी, २०११ साली, अशी वेळ सांगितली आणि गोष्ट होऊन गेली की डोळे मिटून सिंपल पास्ट, मराठीत पुढे होते असो की नसो. हॅड गॉनची गरज पुढे लागते, भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी एक आधीच होऊन गेली हे सांगायचं असेल तेव्हा, सुरुवातीला ते बाजूलाच ठेवा.

दुसरी फसवणूक "माहीत होतं, आवडत होतं, माझ्याकडे होतं" या प्रकारची. "मला माहीत होतं" याचं "आय वॉज नोइंग" नाही, "आय न्यू". "माझ्याकडे सायकल होती" हे "आय हॅड अ सायकल", आय वॉज हॅविंग नाही. "मला तो आवडत होता" हे "आय लाइक्ड हिम". नो, लाइक, वॉन्ट, नीड, अंडरस्टँड, बिलीव्ह ही मनातली क्रियापदं, आणि मालकीचा हॅव, यांना आयएनजी लावायचंच नाही असं नवीन माणसाने धरून चालावं. हॅव म्हणजे खाणंपिणं असेल तर मात्र चालतं, "वी वर हॅविंग डिनर" अगदी बरोबर आहे.

आणि तिसरी, आपल्या लहानपणीच्या सवयी. "आम्ही नाशिकला राहत होतो", "रोज विहिरीवर पोहत होतो", हा खरं तर आपला रीती भूतकाळच, राहायचो, पोहायचो. इंग्रजीत "वी लिव्ड इन नाशिक", "वी स्वॅम एव्हरी डे" किंवा "वी यूज्ड टू स्विम". करत होतो याच्या जागी करायचो म्हणून बघा, वाक्य जमलं आणि अर्थ तोच राहिला तर तिथे पास्ट कंटिन्युअस नको. "लाइट गेली तेव्हा मी स्वयंपाक करायचे" असं कोणी म्हणणार नाही, म्हणून तिथे वॉज कुकिंग. ही टेस्ट फार कामाची आहे, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता प्रॅक्टिस. माझी सगळ्यात आवडती म्हणजे चिऊकाऊची गोष्ट. प्रत्येक मराठी घरात ती तोंडपाठ असते त्यामुळे गोष्ट शोधण्यात डोकं जात नाही आणि सगळं लक्ष इंग्रजीवर राहतं, शिवाय ही गोष्ट जणू या दोन काळांसाठीच बनलीये. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस पडत होता, "इट वॉज रेनिंग". काऊचं घर वाहून गेलं, "द रेन वॉश्ट अवे द क्रोज हाउस". तो चिऊकडे गेला, दार वाजवलं, "ही वेन्ट टू द स्पॅरोज हाउस अँड नॉक्ट ऑन द डोअर". आणि मग चिऊताईचं ते प्रत्येक वेळचं थांब. "व्हेन द क्रो नॉक्ट, द स्पॅरो वॉज गिव्हिंग हर बेबी अ बाथ." परत वाजवलं. "व्हेन ही नॉक्ट अगेन, शी वॉज ड्रेसिंग द बेबी." परत. "शी वॉज फीडिंग द बेबी." परत. "शी वॉज पुटिंग द बेबी टू स्लीप." आणि बाहेर काऊ बिचारा, "ही वॉज स्टँडिंग इन द रेन". मूल जितकी कारणं वाढवेल तितकी वाढवू द्या, टीट लावत होती, केस विंचरत होती, शब्द येत नसेल तर तुम्ही पुरवा पण वाक्य त्यानेच पूर्ण करायचं. एकाने काऊ होऊन टेबलावर टकटक करायचं आणि दुसऱ्याने लगेच "शी वॉज" ने सुरुवात करायची. टकटक म्हणजे सिंपल पास्ट, आतलं काम म्हणजे कंटिन्युअस, हे न सांगता कळतं.

फोटो वापरा, मोबाइलमध्ये हजारो पडलेले असतात. लग्नाचा, गणपतीचा, सहलीचा एखादा गर्दीचा फोटो काढा आणि त्या क्षणी कोण काय करत होतं ते सांगा. "आजी वॉज लाफिंग. काका वॉज टॉकिंग ऑन द फोन. द चिल्ड्रन वर रनिंग." मग विचारायचं, नंतर काय झालं? "देन वी ॲट लंच. देन इट रेन्ड अँड वी रॅन इनसाइड." फोटोच्या आतलं सगळं कंटिन्युअस, फोटोच्या नंतरचं सगळं सिंपल. पोज देऊन काढलेले फोटो नकोत, त्यात सगळे फक्त उभे असतात.

मोठ्या माणसांसाठी, विशेषतः चारपाच जण मिळून शिकत असतील तर, सगळ्यांना आठवणारा एक दिवस घ्या. २ एप्रिल २०११, वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल. "व्हॉट वर यू डुइंग व्हेन धोनी हिट द विनिंग सिक्स?" प्रत्येकाकडे उत्तर असतं आणि प्रत्येकाला ते सांगायचं असतं, त्यामुळे गप्प बसणारी माणसंसुद्धा बोलतात. "आय वॉज वॉचिंग ॲट माय नेबर्स हाउस. माय फादर वॉज प्रेइंग. एव्हरीबडी शाउटेड. वी वेन्ट डाउन टू द रोड. पीपल वर डान्सिंग." मुंबईकर असतील तर २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. "द ट्रेन्स स्टॉप्ड. पीपल वर वॉकिंग होम. द वॉटर वॉज राइजिंग." पण हा विषय काढताना समोरच्याचं बघून काढा, त्या दिवशी कोणी घरचं माणूस गमावलेलं असू शकतं.

एकटेच शिकत असाल तर रात्री झोपताना पाच वाक्यं मोठ्याने, चार सिंपल पास्टची आणि निदान एक व्हेन किंवा व्हाइलचं. साधं धोरण असं की व्हेनच्या मागे छोटी घटना ठेवायची, फोन वाजला, बेल वाजली, दूध उतू गेलं, आणि व्हाइलच्या मागे लांब चाललेली गोष्ट. "आय वॉज बेदिंग व्हेन द बेल रँग." "व्हाइल आय वॉज टॉकिंग ऑन द फोन, द मिल्क बॉइल्ड ओव्हर." आणि दोन दिवसांपूर्वी म्हणायचं असेल तर "टू डेज ॲगो", बिफोर टू डेज नाही.

चुका सुधारण्याबद्दल शिकवणाऱ्यांना विनंती, वाक्याच्या मधे तोडू नका. माणूस "आय वॉज वेन्ट" म्हणाला तर पूर्ण बोलू द्या आणि मग सहज विचारा, "ओह, यू वेन्ट देअर? व्हॉट डिड यू बाय?" बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि पुढच्या वाक्यात बरेचदा तो स्वतःच सुधारतो. तीच चूक परत परत आली तरच वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्या एकाच गोष्टीवर दहा मिनिटं द्या.

थोडं जमायला लागलं की चोर-पोलीस खेळा. काल रात्री ९ वाजता फ्रिजमधले लाडू गेले. दोन जण संशयित, ते दोघं मिनिटभर बाहेर जाऊन ठरवणार की आपण त्या वेळी एकत्र कुठे होतो आणि काय करत होतो. मग एकेकाला वेगळं बोलवून पोलीस विचारणार, "व्हेअर वर यू ॲट नाइन? व्हॉट वर यू डुइंग? व्हॉट वॉज युअर फ्रेंड वेअरिंग? हू पेड? व्हॉट टाइम डिड यू कम होम?" दोघांच्या उत्तरांत फरक सापडला की लाडू त्यांनीच खाल्ले. प्रश्न विचारणाऱ्यालाही वर आणि डिड पटापट बदलावं लागतं, त्यामुळे दुसऱ्या फेरीत पोलीस आणि चोर नक्की बदला.