गोल म्हणजे पाच, ठिपका म्हणजे शून्य

दुबईतल्या एका अरबी पे-टीव्ही नेटवर्कच्या मास्टर कंट्रोलमध्ये, म्हणजे जिथून चॅनल प्रसारित होतात त्या कक्षात, मी सात वर्षं काढली. तिकडे जाऊ पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अरबी यावं लागतं का? बोलायला नाही लागत. शिफ्टमध्ये इंग्रजी आणि हिंदीवर भागतं. पण आकडे आणि अक्षरं ओळखता आलीच पाहिजेत, आणि ती विमानात बसण्याआधीच शिकून घ्या.

माझंच सांगतो. पहिल्या महिन्यात एक प्रोमो तपासायला दिला होता. वेळापत्रकात सिनेमा रात्री ९:०० ला. अरबी नऊ इंग्रजी नऊसारखाच दिसतो. पडद्यावर नऊ आणि पुढे दोन गोल दिसले, मी पास केला. अरबीत गोल म्हणजे पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. तो जुना, ९:५५ चा प्रोमो होता. तीनदा लागून गेल्यावर शेजारच्या इजिप्शियन सहकाऱ्याच्या नजरेला आला. "बाशमुहंदिस, ते पंचावन्न आहे," एवढंच तो म्हणाला. इजिप्तची माणसं इंजिनिअरला मानाने अशी हाक मारतात. त्या रात्री घरी जाऊन मी शून्य ते नऊ शंभर वेळा गिरवले.

अक्षरांचंही तसंच. अरबी अक्षरं एकमेकांना जोडून लिहितात. सबटायटलची फाइल किंवा फॉन्ट बिघडला की ती सुटी पडतात, कधी उलट्या क्रमाने उमटतात. अर्थ कळला नाही तरी हे डोळ्यांना खुपतं. आपल्याला नाही का, वेलांटी भलत्याच अक्षरावर गेलेली लगेच दिसते? फक्त अलिफ, दाल, धाल, रा, झाय, वाव ही पुढच्या अक्षराला मुळातच जुळत नाहीत, ती सुटी दिसली म्हणून बिघाड कळवायला फोन उचलू नका. आणि मजकूर उजवीकडून डावीकडे जात असला तरी संख्या डावीकडूनच वाचायची.

दुसरी गोष्ट वेळेची. एकच सिग्नल मोरोक्कोपासून ओमानपर्यंत उतरतो. प्रेक्षकांसाठी बहुतेक सौदीची वेळ लिहितात, ती दुबईच्या एक तास मागे. इजिप्तने २०२३ पासून उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं पुन्हा सुरू केलंय. म्हणून कामाची भाषा जीएमटी, म्हणजे ग्रीनिचची वेळच ठेवा आणि पुढच्या शिफ्टकडे काम सोपवायच्या, हँडओव्हरच्या वहीत दुसरी कुठलीही वेळ लिहू नका.

मुलाखतीला जाताना या धंद्याची कुळकथा माहीत असावी. ऑर्बिट हे अरबी पे-टीव्ही नेटवर्क १९९४ मध्ये रोमहून सुरू झालं, नंतर बहरीनला गेलं. शोटाइम हे दुसरं नेटवर्क १९९६ मध्ये आलं. २००९ मध्ये दोन्ही एकत्र होऊन ओएसएन झालं. हे चॅनल ज्या उपग्रहांवरून उतरतात त्यांतला अरबसॅट २६ अंश पूर्वेला, नाइलसॅट ७ अंश पश्चिमेला. दुबईतून नाइलसॅट क्षितिजाच्या बराच जवळ दिसतो, त्यामुळे पश्चिमेला उंच इमारत असली की त्या डिशची तक्रार आलीच म्हणून समजा.

पदवीचं प्रमाणीकरण आधी राज्यात, मग परराष्ट्र मंत्रालयात, मग यूएई दूतावासात होतं. नोकरीची ऑफर येण्याची वाट न बघता निदान पहिल्या दोन पायऱ्या उरकून ठेवा.

आणि सुट्टी. रमजान हा अरबी टीव्हीचा खरा हंगाम, तेव्हा रजा मागू नये. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, त्यामुळे शिमग्याला गावी जाणं जमत नाही. गणपतीची रजा मात्र जानेवारीतच लिहून दिलीत तर मिळते.