मुए थाई शिकायला थायलंडला निघालात? डीटीव्ही व्हिसाच्या या चुका टाळा

पुण्या-मुंबईच्या जिममध्ये दोन-तीन वर्षं पॅडवर लाथा मारून झाल्या की एक दिवस मनात येतंच: आता सहा महिने तिकडेच जाऊन राहावं. फुकेतला, चियांग माईला, मुए थाई ही लाथा-बुक्क्यांची लढाऊ कला ज्या देशात वाढली तिथे. जुलै २०२४ पासून त्यासाठी सरळ वाट आहे. 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा', म्हणजे डीटीव्ही. मुदत पाच वर्षांची, हवे तितके प्रवेश, आणि प्रत्येक प्रवेशावर १८० दिवसांचा मुक्काम. अर्जदाराचं वय किमान २० हवं. घरून ऑनलाइन नोकरी करणाऱ्यांसाठी यात एक गट आहे. दुसऱ्या गटात मुए थाई, थाई स्वयंपाक, क्रीडा प्रशिक्षण, वैद्यकीय उपचार अशा गोष्टी येतात. हा लेख दुसऱ्या गटातून, खेळाच्या आधारावर अर्ज करणाऱ्यांसाठी आहे.

ओळखीतल्या काही जणांच्या फायली अर्जाआधी माझ्या हाताखालून गेल्या. ज्यांचं अडलं ती मुलं मनापासून सराव करणारी होती, म्हणून जास्त वाईट वाटलं. त्यांची तयारी खरी होती, पण फाइल वाचणाऱ्याला ती दिसत नव्हती. अधिकाऱ्यासमोर फक्त कागद असतात आणि ते सगळे मिळून एकच गोष्ट सांगत असले पाहिजेत: हा माणूस शिकायला येतो आहे, आणि तेवढे दिवस स्वतःच्या पैशावर राहू शकतो.

जिम न पाहता पत्र विकत घेणं

खेळाच्या आधारावरच्या अर्जाला जिमने कोर्सला घेतल्याचं पत्र जोडावं लागतं. सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. इंटरनेटवर 'व्हिसा पॅकेज' विकणारे पुष्कळ आहेत. पैसे भरा, दोन दिवसांत पत्र घ्या. पत्र देणाऱ्या जिमचा पत्ता नकाशावर शोधला तर कधी कधी तिथे नुसतं ऑफिस निघतं. अशा जिमच्या नावाने आधीच ढीगभर अर्ज गेलेले असले, तर तुमच्या अर्जाकडेही संशयाने बघितलं जाणार.

आधी जिम निवडा, पत्राचा विषय नंतर काढा. शक्य असेल तर दोन आठवडे पर्यटक म्हणून जाऊन या. फुकेतच्या चलाँग भागातली सोई ता-इयाद ही एक गल्लीच जिमनी भरलेली आहे. चालत चालत चार ठिकाणी एकेक दिवस सराव करता येतो. चियांग माईत खर्च कमी येतो, पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर शहरावर बसतो. अशा हवेत पहाटे पाच किलोमीटर धावायचं म्हणजे छातीचे हाल. कोर्सच्या तारखा ठरवताना हे ध्यानात ठेवा.

जिमचं पत्र हातात आलं की पुढच्या गोष्टी शोधा: पासपोर्टवर आहे तसंच तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, कोर्स सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, आठवड्याला किती दिवस व किती तास सराव, भरलेली फी आणि तिची पावती, जिमचा पूर्ण पत्ता, नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का. जिमच्या नोंदणीच्या कागदाची प्रतही मागून घ्या. चांगली जिम हे विनातक्रार देते. टाळाटाळ झाली, तर तिथून बाहेर पडायला अजून उशीर झालेला नसतो.

पत्रातला शब्दही महत्त्वाचा. 'सदस्यत्व' म्हणजे प्रशिक्षण नव्हे. महिनाभराचा अमर्याद प्रवेशाचा पास पर्यटकही घेतो. अनेक ठिकाणी किमान सहा महिन्यांचा कोर्स मागतात, आणि तीन महिन्यांच्या कोर्सवर पाच वर्षांचा व्हिसा मागितला तर समोरच्याला प्रश्न पडणारच. दुसऱ्या खेळासाठी जाणाऱ्यांना हे आणखी लागू पडतं. गोल्फ किंवा टेनिस चालेल, पण प्रशिक्षक कोण, वेळापत्रक काय, कोर्स किती महिन्यांचा, हे कागदावर हवं. समुद्रात मौजेखातर चार डुबक्या मारण्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

आणि फी भरण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतील? व्हिसाचं शुल्क परत मिळत नाही. साधारण १०,००० बाट (थायलंडचं चलन) इतकी ती रक्कम असते आणि ठिकाणाप्रमाणे कमी-जास्त होते. निदान कोर्सची फी तरी पूर्ण बुडू नये.

तुमचा खेळाचा इतिहास न जोडणं

वकिलातीच्या कागदांच्या यादीत हे मागितलेलं नसलं तरी जोडा. तालुका किंवा जिल्हा पातळीवर खेळलेल्या किकबॉक्सिंग स्पर्धेचं प्रमाणपत्र, इथल्या प्रशिक्षकाचं दोन परिच्छेदांचं पत्र, सरावाचे दोन फोटो. सोबत अर्ध्या पानाचं स्वतःचं निवेदन: काय शिकलात, पुढे काय शिकायचं आहे, हीच जिम का. क्लिंच, म्हणजे समोरच्याला जवळून पकडून लढणं, कच्चा आहे, कोपराचे फटके इथे नीट शिकायला मिळत नाहीत, असं खरं आणि नेमकं लिहा. एजंटने दिलेला 'मला थाई संस्कृतीबद्दल नितांत आदर आहे' छापाचा मजकूर शंभर फायलींत सापडतो. आदर असेल तर तो तिथे गेल्यावर रोज दिसेलच. लढतीआधी वाय ख्रू करून गुरूला वंदन करतात, आणि तो 'ख्रू' आपल्या 'गुरू'चाच भाऊ आहे.

अगदी नवशिके असाल तरी हरकत नाही, तसं लिहा. फक्त मग पत्रात 'प्रगत स्पर्धक कोर्स' असं नको.

पाच लाख बाट, पण कुठल्या खात्यात?

किमान ५,००,००० बाट इतकी रक्कम दाखवावी लागते. दराप्रमाणे ती तेरा ते पंधरा लाख रुपयांच्या घरात जाते. काठावर राहू नका. रुपया थोडा घसरला की काल पुरेशी असलेली रक्कम आज कमी पडते. लाखभर वर असू द्या.

आपल्याकडच्या घरांत पैसा असतो, पण विखुरलेला असतो. थोडा मुदत ठेवीत, थोडा म्युच्युअल फंडात, थोडा आईच्या नावावर, थोडा गावच्या पतसंस्थेत. व्हिसासाठी लगेच हातात येणारा, तुमच्या नावावरचा पैसा सगळ्यात भक्कम. ठेव मोडायची असेल तर अर्जाच्या कितीतरी महिने आधी मोडा आणि रक्कम बचत खात्यात शांत पडू द्या. आदल्या आठवड्यात काकांनी नऊ लाख टाकले, तर बँकेचा उतारा वाचणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं. खरंच मोठी रक्कम आली असेल, जमीन विकली किंवा बोनस मिळाला, तर त्याचा कागद जोडून एका ओळीत खुलासा करा. खर्च वडील करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, त्यांच्या खात्याचा उतारा आणि नात्याचा पुरावा असे तिन्ही कागद हवेत. अशी हमी तुमच्या वकिलातीत चालते का, ते आधी विचारून घ्या.

पतसंस्थेचं मराठी पासबुक जसंच्या तसं अपलोड करू नका. इंग्रजीतला, शिक्का आणि सही असलेला, गेल्या काही महिन्यांचा उतारा बँकेतून काढा. तीन महिन्यांचा की सहा, ते तुमच्या वकिलातीच्या यादीत पाहा.

नावाचा घोळ

मराठी माणसाचा हा खास प्रश्न आहे. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. बँकेत आद्याक्षरं. जिमच्या फॉर्मवर तुम्ही घाईत नुसतं नाव-आडनाव लिहिलेलं. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर पासपोर्ट सासरच्या नावाने आणि पगाराचं खातं माहेरच्या. एका मैत्रिणीचा अर्ज एवढ्याशा कारणाने लांबला आणि कोर्सची तारीख निघून गेली. जिमला पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवा आणि 'नाव यावरूनच लिहा' असं सांगा. बँकेतलं नाव वेळेत बदलून घ्या. ते जमणार नसेल तर विवाह प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

अर्ज कुठून आणि कधी

अर्ज थायलंडच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावरून होतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांचं काम मुंबईतला थाई महावाणिज्य दूतावास पाहतो. अर्ज करताना आणि निर्णय येईपर्यंत तुम्ही थायलंडच्या बाहेर असलं पाहिजे. पर्यटक म्हणून तिथे गेलेले असताना हॉटेलमध्ये बसून 'मी पुण्यात आहे' असं भरणं ही खोटी माहिती आहे. पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या तारखा ती उघडी पाडतात. सध्या कुठे राहता याचा पुरावाही मागतात. आधार पुण्याचं आणि नोकरी दुबईत असेल तर आज जिथे राहता तिथला कागद द्या.

कोर्सची सुरुवात अर्जापासून निदान सहा आठवडे पुढची ठेवा. जादा कागद मागितले तर मुदत कमी असते, म्हणून ईमेल रोज बघा.

नकार आला तर तीच फाइल पुन्हा पाठवणं

चार दिवसांत तोच अर्ज पुन्हा भरला की पुन्हा शुल्क जातं आणि उत्तरही तेच येतं. नकारात कारण दिलं असेल तर तेवढंच दुरुस्त करा. दिलं नसेल तर फाइल अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमच्या सरावाबद्दल काहीच माहीत नाही. तारखा, नाव, रक्कम, पत्ता यांत त्याला जिथे अडखळायला होईल, बहुतेक तिथेच अधिकारीही अडखळलेला असतो. नवीन अर्जात जुना नकार लपवू नका.

पोहोचल्यावरच्या चुका

डिजिटल आगमन पत्र १ मे २०२५ पासून लागतं. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते अधिकृत संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा. विमानतळावर शिक्का बसला की खिडकीसमोरच तारीख वाचा. चुकून कमी दिवस दिले असतील तर ते तिथेच सुटतं, नंतर खेटे पडतात.

घरमालकाने तुमच्या राहण्याची नोंद, म्हणजे टीएम ३०, २४ तासांत करायची असते. खोली भाड्याने घेण्याआधीच हे विचारा. सलग ९० दिवस राहिलात तर पत्त्याची हजेरी द्यावी लागते. मधे देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी नव्याने सुरू होते. पाच वर्षं हा आकडा व्हिसाच्या मुदतीचा आहे, सलग मुक्कामाचा नाही. १८० दिवसांनंतर एक मुदतवाढ नियमात आहे, पण ती तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. तिच्या भरवशावर परतीचं तिकीट रद्द करू नका. मुक्काम संपल्यावर राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड पडतो, २०,००० पर्यंत. जास्त लांबलं तर प्रवेशबंदीही येते.

एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात तर थायलंडच्या दृष्टीने तुम्ही तिथले कर-रहिवासी होता, आणि बाहेरून आणलेल्या उत्पन्नाचा प्रश्न येतो. भारत आणि थायलंडमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. निघण्याआधी सीएशी एकदा बोला.

आता कामाबद्दल. या व्हिसावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही. आपल्याकडच्या मुलांचा घोटाळा इथे होतो, कारण त्यांना दुसरीही विद्या येत असते. जिमवाला प्रेमाने म्हणतो, सकाळी नव्या पोरांना योग शिकव, तुझी फी कमी करतो. फी कमी होणं हाही मोबदलाच. वर्क परमिटशिवाय ते करू नका, कितीही आग्रह झाला तरी. स्थानिक स्टेडियममध्ये मानधनावर लढायची संधी आली, तरी आधी परवान्याचं विचारा आणि मगच हो म्हणा.

शेवटचं विम्याचं. प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत लढाऊ खेळांतली इजा वगळलेली असते. नडगीला नडगी लागून हाड तडकलं, तर बिल तुमच्याच खिशातून. स्कूटरचंही तसंच. इथून निघताना आरटीओतून दुचाकीसाठीचं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढलं नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. पॉलिसी घेताना 'मुए थाईच्या सरावात झालेली इजा यात येते का' असं कंपनीला ईमेलने विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि त्याची प्रत घरच्यांकडेही ठेवा.