गहू सोडला, तरी डोकं जडच? सिलियॅक असलेल्यांनी काय तपासावं

सिलियॅकमध्ये पोट बिघडतं हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण वाचलेलं डोक्यात न शिरणं, ओठांवर आलेला शब्द न सापडणं, साध्या हिशेबात चुका होणं, हेही याच आजारामुळे होऊ शकतं. पोळी बंद करूनही ते गेलं नसेल, तर आधी दोन शक्यता तपासा. एक, ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, अजून पोटात जातंय. दोन, आतडं अजून सावरलेलं नाही.

सिलियॅकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. त्या वेळी रक्तात वाढणाऱ्या दाहकारक पदार्थांमुळे डोकं मंदावतं, असं मानलं जातं. हा परिणाम काही तासांत जाणवतो आणि एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त टिकतो. अस्तर झिजल्याने लोह, फोलेट, बी-१२ कमी पडतं ते वेगळंच. ती कमतरता महिनोन् महिने रेंगाळते.

अजून निदान झालं नसेल, तर गहू लगेच सोडू नका. टीटीजी-आयजीए (सिलियॅकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी) आणि एकूण आयजीए या रक्ततपासण्या, आणि लागलीच तर दुर्बिणीतून घेतलेली बायोप्सी, गहू खात असतानाच खरं सांगतात. आधीच सोडला असेल तर पुन्हा किती आणि किती दिवस खायचा, हे पोटाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता प्रमाण बघा. सिलियॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं. साधारण ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ते दोन ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे पोळीचा दोनशेवा हिस्सा, चिमटीभर कणीकही नाही. "थोडंसं चालतं हो" म्हणणाऱ्या मावशींना हाच हिशेब सांगा.

विदर्भात ज्वारीची भाकरी घरोघरी, म्हणून आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. घोळ होतो तो चक्कीत. तुमच्या आधी कुणाचे गहू दळले असतील, तर पाट्यांत अडकलेलं पीठ तुमच्या ज्वारीत उतरतं. आधी दोन किलो तांदूळ दळून चक्की "साफ" करून घेतली, तरी खात्री देता येत नाही. घरी छोटी घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका. दळण्याआधी ज्वारी ताटात एकेरी पसरून निवडा. गोल, पांढुरक्या दाण्यांत लांबट, मधे खाच असलेला गव्हाचा दाणा लगेच डोळ्यात भरतो. सुट्या पोत्यातल्या धान्यात तो सापडू शकतो, कारण दुकानात माप एकच असतं. बेसनाचंही तेच. चण्याची डाळ आणून घरीच दळा.

दुसरा चोर हिंग. डबीवर घटक वाचा, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठातला हिंग घ्या, नाहीतर लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, बिघडत नाही. त्यामुळे टपरीवरचे तर्री पोहे दिसायला निर्धोक असले तरी तर्रीतला हिंग आणि वरची शेव विचारूनच खा. पुडाच्या वडीच्या पारीत बेसनाबरोबर कणीक किंवा मैदा असतो, कुरडई गव्हाच्या चिकाची, प्रसादाचा शिरा रव्याचा. भजी बेसनाची असली तरी कचोरीच्या तेलात तळलेली नकोत. घरात पोळपाट-लाटणं, चाळणी आणि पिठाची परात वेगळी ठेवा. लाकूड आणि जाळी घासून पुरती स्वच्छ होत नाही.

पाकीटबंद खाण्यावर "ग्लुटेनमुक्त" लिहायचं, तर एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. नुसतं "मल्टिग्रेन" लिहिलेलं असेल तर त्यात बहुधा गहू असतोच.

एवढं केल्यावर एक वही ठेवा. रोज ठरावीक वेळी शंभराच्या आसपासच्या वेगळ्या आकड्यातून सात-सात वजा करत जा, दोन मिनिटांत किती चुका झाल्या ते लिहा. शेजारी झोप, पाणी आणि आदल्या दिवशीचं सगळं खाणं. नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं तरी डोकं असंच जड होतं, म्हणून तो रकाना सोडू नका. चुका वाढलेल्या दिवसाच्या मागे तोच पदार्थ परत परत दिसला, तर तो बंद करा. चुकून पोटात गेलंच तर उतारा नाही. पाणी, साधं जेवण, झोप, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. परीक्षेच्या आधी तीन-चार दिवस बाहेरचं काहीच नको.

खाणं चोख असूनही डोक्यातलं धुकं हटत नसेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, आणि बहुतेक जण हिमोग्लोबिन पाहूनच थांबतात. टीटीजी सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा करा. आकडा उतरत नसेल, तर चोर बहुधा अजून घरातच आहे. चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, हातापायांना मुंग्या येणं सुरू झालं, तर मात्र वहीत लिहीत बसू नका, थेट न्यूरोलॉजिस्टला दाखवा. ग्लुटेनमुळे मेंदूचा तोल सांभाळणारा भागही बाधित होऊ शकतो, आणि तिथे उशीर झाला तर नुकसान पुरतं भरून येत नाही.