संत्र्याला गर्डलिंग करताय? या चुका टाळा

झाड पानांनी गच्च, पण बहार धरत नाही. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतं, खोडाची साल गोल काढून टाक, झाड फुलावर येईल. यालाच गर्डलिंग म्हणतात. फूल येतंही. पण कशामुळे येतं ते समजून घेतल्याशिवाय चाकू हातात घेऊ नका.

पानांत तयार झालेली साखर आणि शेंड्याकडून उतरणारं ऑक्सिन हे संजीवक सालीच्या बाजूनेच मुळांकडे जातं. तिथं वलय काढलं की दोन्ही वर अडतात. मुळं उपाशी राहतात आणि तिथून वर येणारं सायटोकायनिन, जिबरेलिन ही संजीवकं घटतात. पालवी मंदावते. संत्र्यात जिबरेलिन फूल येऊ देत नाही, ते कमी झालं की कळी धरते. म्हणजे हा सगळा फायदा मुळांच्या जिवावर मिळतो.

म्हणून सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रोगट झाडाला गर्डलिंग करणं. आपल्या विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजली, म्हणून न फळणारी झाडं कमी नाहीत. त्यांची साल काढणं म्हणजे आजाऱ्याचं जेवण तोडणं. आधी माती उकरून तंतुमुळं बघा. चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निसटून मधला दोराच हाती राहिला, तर गर्डलिंगचा विचार सोडा. आधी पाण्याचा निचरा करा आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा बुरशीजन्य रोग) आवरा.

बाग ताणावर (पाणी तोडलेली) असताना तर अजिबात नको. भर पावसातही नको, ओल्या जखमेतून डिंक्याची बुरशी शिरते. मुख्य खोडाऐवजी फांद्या निवडा आणि एक-दोन मोठ्या फांद्या तशाच ठेवा, मुळांना तेवढं अन्न मिळत राहील.

काढायची सालीची पट्टी 3 ते 5 मिलिमीटर रुंदच. खालचं लाकूड कापू नका, पाणी त्यातूनच वर चढतं. आणि ते चढतं म्हणूनच चुकीचं वलयही लगेच कळत नाही. पानं कित्येक दिवस टवटवीत दिसतात. (बुंध्याला बांधून विसरलेली तारही हेच करते, ती आजच सोडा.)

वलयाच्या वरच्या कडेला फुगीर गाठ आली तर घाबरू नका, जखम तिथूनच भरत येते. पानं थोडी फिकट पडली तर युरिया ओतू नका, पालवी सुटली की केलेलं वाया जातं. दीड-दोन महिन्यांत वलय भरलं नाही तर मात्र फळं विरळ करा. पट्टी फारच रुंद निघाली असेल, तर त्याच झाडाच्या काड्या जखमेच्या वर-खाली सालीत बसवून पूल कलम करा.