एइकाइवात शिकवायला जाण्याआधी: जपानमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

तोक्योतल्या निशि-कासाईत, आपल्या भारतीयांच्या वस्तीत, नवीन बिऱ्हाड लागलं की महिन्या-दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास निघतो. एकाची आयटीतली नोकरी सुरू झालेली असते, मुलांची शाळा मार्गी लागलेली असते, आणि जोडीदाराच्या व्हिसावर आलेली व्यक्ती विचारते, "मी इथे काय करू?" पुण्यात, ठाण्यात चांगली नोकरी करून आलेली माणसं असतात ही. जपानी अजून येत नाही, इंग्रजी मात्र पक्कं असतं. मग कुणीतरी सुचवतं, एइकाइवात बघ.

एइकाइवा म्हणजे इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या खासगी शाळा. कुठल्याही मोठ्या स्टेशनाबाहेर पडलात की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर त्यांची पाटी दिसेल. ईऑन, ईसीसी, नोव्हा, गाबा, बर्लिट्झ, शेन ही त्यातली मोठी नावं. मी याच क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत. पहिली नोकरी म्हणून हे काम चांगलं आहे असं मला मनापासून वाटतं. माणसं भेटतात, जपान आतून कळतो, हातात स्वतःचे पैसे येतात. फक्त एक क्रम पाळा. शाळेचं नाव नंतर बघा, करार कुठल्या प्रकारचा आहे ते आधी बघा.

त्याच्याही आधी व्हिसा. जोडीदाराच्या व्हिसाला इथे काझोकु ताइझाई म्हणतात आणि नुसत्या त्या व्हिसावर काम करता येत नाही. इमिग्रेशनकडून शिकाकुगाई कात्सुदोची, म्हणजे व्हिसाबाहेरचं काम करण्याची परवानगी काढावी लागते. तोक्योत राहणाऱ्यांनी शिनागावाच्या कार्यालयात अर्ज करायचा. फी लागत नाही. मंजुरी आली की झाइर्यू कार्डाच्या, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्राच्या, मागच्या बाजूला शिक्का मिळतो. तो मिळण्याआधी एक तासही शिकवू नका, "ट्रेनिंगच आहे" असं शाळेने सांगितलं तरी नाही.

ही परवानगी आठवड्याला २८ तासांची असते. सगळ्या कामांचे मिळून २८. संध्याकाळी एइकाइवा आणि सकाळी दुसरीकडे काम, असं असेल तर बेरीज तुम्हालाच ठेवायची आहे, दोन्ही मालकांना एकमेकांचा पत्ता नसतो. शिवाय आठवडा सोमवारी सुरू होतो असं धरून चालत नाही. कुठल्याही दिवसापासून पुढचे सात दिवस मोजले तरी आकडा २८ च्या आतच हवा. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फार उशिरा कळते. ही परवानगी पगारी नोकरी धरून दिलेली असते. घरी शिकवणी घेणं किंवा कंत्राटी तत्त्वावर शिकवणं, जिथे तासांची खातरजमा होत नाही, ते या शिक्क्यात बसत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

पूर्णवेळ काम करायचं असेल तर स्वतःचा कामाचा व्हिसा लागतो. एइकाइवासाठी तो सहसा गिजिनकोकु नावाने ओळखला जाणारा, त्याला पदवी लागते. सरकारी शाळांतल्या एएलटींचा, म्हणजे सहायक भाषाशिक्षकांचा, व्हिसा निराळा, क्योइकु. त्याच्या नियमांतच लिहिलं आहे की जी भाषा शिकवायची तिच्यातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं. एइकाइवा कंपन्याही व्हिसा मिळवून देताना हाच निकष पुढे करतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनी भारतातून निघतानाच शाळा आणि कॉलेजकडून माध्यमाचा दाखला घेऊन ठेवावा. इथे बसून तो मागवायचा म्हणजे कुणाला तरी शाळेत चार खेपा घालायला लावणं. मराठी माध्यमवाल्यांनी नाउमेद होऊ नये. काझोकु ताइझाईवर २८ तासांत काम करताना इमिग्रेशनची ही अट आड येत नाही, मग प्रश्न उरतो फक्त त्या शाळेच्या पसंतीचा.

ती पसंती आपल्या बाजूची असतेच असं नाही, हे स्पष्ट सांगते. जाहिरातीत अजूनही ठळक अक्षरांत "नेटिव्ह" असतं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकन, ब्रिटिश चेहरा असतो. पण हवा बदलली आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या रेअरजॉबने आणि नंतर डीएमएमने फिलिपिनो शिक्षकांकडून ऑनलाइन धडे द्यायला सुरुवात केली, आणि शिक्षक गोराच हवा हा हट्ट त्यामुळे बराच सैल झाला. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला, तेव्हापासून लहान मुलांच्या वर्गांना मागणी आहे. निशि-कासाई ज्यात येतं त्या आपल्याच एदोगावा वॉर्डात २०१९ मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आलेले मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक पुढे इबाराकीतल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. आत शिरायला वाट आहे. माझा सल्ला, सुरुवात मुलांच्या वर्गांपासून करा.

आता करार. दोन प्रकार असतात. एक कोयो, म्हणजे नोकरी. दुसरा ग्योमु इताकु, म्हणजे कंत्राट. मुलाखतीत दोन्हींबद्दल इतक्या गोड आवाजात सांगतात की फरक लक्षातच येत नाही. कोयोमध्ये किमान वेतन लागू होतं, सहा महिन्यांनी भरपगारी रजा मिळू लागते आणि कामावर इजा झाली तर विमा असतो. इताकुमध्ये यातलं काही नाही, कारण कागदावर तुम्ही स्वतःचा धंदा करणारे ठरता.

समजा एका शाळेने ४० मिनिटांच्या धड्याला १,५०० येन देऊ केले. रुपयांत बदलून बघितलं की आकडा छान वाटतो. संध्याकाळी तीन धडे मिळाले, पण मधला एक तास रिकामा गेला, आधी पोहोचून तयारी करावी लागली, शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद लिहावी लागली. चार तास गेले, हातात ४,५०० येन. म्हणजे तासाला १,१२५. तोक्योचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून १,२२६ येन आहे. नोकरी असती तर शाळेला इतकं कमी देताच आलं नसतं, इताकुमध्ये चालून जातं. म्हणून मुलाखतीत चार गोष्टी विचाराच. रिकाम्या तासाचे पैसे मिळतात का? विद्यार्थ्याने आयत्या वेळी धडा रद्द केला तर? प्रवासखर्च किती देता? नोंदी लिहिण्याचा वेळ कामात धरता का? उत्तरं तोंडी घेऊ नका, करारात कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवायला सांगा. इथे असं विचारण्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

ब्रँड मोठा म्हणून डोळे मिटून सही करू नका, असं मी का म्हणते ते नोव्हाच्या इतिहासातून कळेल. १९८१ मध्ये ओसाकात सुरू झालेली ही कंपनी देशातली सगळ्यात मोठी साखळी झाली होती. एकिमाए र्युगाकु, स्टेशनासमोरच परदेशी शिक्षण, ही तिची जाहिरात घरोघरी माहीत होती. विद्यार्थ्यांकडून शेकडो धड्यांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि कुणी मध्येच सोडून गेलं तर परतावा देताना वापरलेल्या धड्यांचा दर चढा लावायचा, अशी तिची पद्धत होती. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. जूनमध्ये सरकारने नवे दीर्घ मुदतीचे करार करायला सहा महिन्यांची बंदी घातली. आगाऊ पैशांचा ओघ आटला, पगार लांबले, आणि ऑक्टोबरात कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितलं. हजारो परदेशी शिक्षक एका दिवसात बेकार झाले. कंपनीच्या घरात राहणाऱ्यांचे हाल आणखी वाईट. पगारातून भाडं कापलं गेलेलं, पण घरमालकाला पोहोचलेलं नाही, त्यामुळे घर खाली करायच्या नोटिसा हातात. २०१० मध्ये जिओस ही दुसरी एइकाइवा साखळीही बुडाली. नोव्हा हे नाव नव्या मालकांकडे आजही चालू आहे, आणि त्यानंतर कायद्यावर लोकांचं लक्षही वाढलं. पण पगार सलग दुसऱ्यांदा लांबला तर वाट बघत बसू नका. कंपनी बुडाल्यावर थकलेल्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारी योजनेतून, वयानुसार ठरलेल्या मर्यादेत, मिळू शकतो. तो नोकरांसाठी आहे, इताकुवाल्यांना नाही.

करारात "वर्ष संपण्याआधी सोडलंत तर इतका दंड" असं कलम दिसलं तर घाबरू नका. कामगार कायद्याचं १६ वं कलम नोकरीच्या करारात असा आधीच ठरवलेला दंड घालायला मनाई करतं. मुदतीचा करार असला तरी एक वर्ष भरल्यानंतर सहसा तुम्ही कधीही राजीनामा देऊ शकता. स्वतःच्या गिजिनकोकुवर असाल तर नोकरी सुटल्यापासून १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवा.

पैशांच्या दोन रेषा घरात बसून आधीच ठरवा. वर्षाचं उत्पन्न १३ लाख येनांपर्यंत गेलं की जोडीदाराच्या आरोग्य विम्यातून तुमचं नाव निघतं. आणि ५० हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत आठवड्याला २० तास व महिन्याला ८८,००० येन झाले की ऑक्टोबर २०२४ पासून तुमचा स्वतःचा विमा आणि पेन्शन कापली जाते. पेन्शन वाईट नाही, पण पहिला पगार हातात आल्यावर कपात बघून धक्का बसायला नको.

आता शिकवण्याबद्दल, कारण इथेच आपली माणसं अडखळतात. रात्री साडेआठचा वर्ग. समोर पन्नाशीचा कंपनीतला माणूस, टाय सैल केलेला, वहीत तारीख नीट लिहिलेली. तुम्ही विचारता, रविवारी काय केलंत? तो टेबलाकडे बघतो. ओठ हलतात, आवाज येत नाही. सहा सेकंद, आठ सेकंद. आपल्याला ही शांतता सोसत नाही, आपण पटकन म्हणतो, "शॉपिंग?" तो सुटकेने "येस" म्हणतो आणि त्याचं वाक्य तिथेच संपतं. बोलू नका, थांबा. दहाव्या-बाराव्या सेकंदाला तो म्हणेल, "आय वेंट टू माय डॉटर्स हाउस. शी हॅज बेबी." आणि खुर्चीत ताठ बसेल. या एका वाक्यासाठी त्याने पैसे भरलेले असतात. बेबीच्या आधीचा राहिलेला शब्द धड्याच्या शेवटी सांगा. शाळेत वर्षानुवर्षं व्याकरण करून आलेली ही माणसं आहेत, त्यांना नियम माहीत असतात, तोंडातून काढायची सवय नसते.

"एनी क्वेश्चन्स?" विचारलंत तर उत्तर नाहीच येणार. त्यापेक्षा त्यालाच तुम्हाला तीन प्रश्न विचारायला लावा. आपण इंग्रजी फार भरभर बोलतो, वेग निम्म्यावर आणा. आणि व्हेस्ट व वेस्ट हे दोन शब्द आपल्या तोंडून सारखेच येतात, तेवढा सराव घरी आरशासमोर करून जा.

ताइकेनकडे, म्हणजे चाचणीच्या धड्याकडे, विशेष लक्ष द्या. नवा विद्यार्थी नाव घालणार की नाही हे त्यावर ठरतं आणि शाळा तुमचं मोल त्यावरून करते. वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर राहा. विद्यार्थ्याला लाइन या मेसेजिंग अ‍ॅपवरचा पत्ता देऊ नका, बाहेर भेटू नका, बहुतेक करारांत त्याला मनाई असते.

आपण स्वतः जपानी शिकायला किंवा मुलांना अशा शाळेत घालायला जातो तेव्हा आपणही ग्राहक असतो. दोन महिन्यांहून लांब आणि ५०,००० येनांहून जास्त रकमेचा भाषावर्गाचा करार असेल तर कागद हातात पडल्यापासून आठ दिवसांत, कारण न देता, लेखी कळवून तो रद्द करता येतो. नंतर मध्येच सोडलंत तरी शाळा ५०,००० येन किंवा उरलेल्या रकमेच्या २० टक्के, यातलं जे कमी तेवढंच कापू शकते. शाळा ऐकत नसेल तर १८८ हा ग्राहक मदतीचा क्रमांक फिरवा.

नोकरीची किंवा व्हिसाची भानगड असेल तर योत्सुयाला फ्रेस्क नावाचं परदेशी रहिवाशांचं सरकारी मदत केंद्र आहे, तिथे इमिग्रेशन आणि कामगार दोन्हींचे सल्लागार विनामूल्य भेटतात. जाताना मूळ करार, पगाराच्या पावत्या आणि झाइर्यू कार्ड घेऊन जा, आणि धड्यांच्या तारखा-वेळा पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वहीत लिहून ठेवलेल्या असू द्या.