सिक्वेन्सला हात लावण्याआधी

दिंडोरीजवळच्या मामांच्या द्राक्षबागेतून करप्याची पानं आणली, बुरशी वाढवली, डीएनए काढला, पीसीआर करून त्यातल्या एका तुकड्याच्या भरपूर प्रती केल्या आणि नमुना सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचून घ्यायला, पाठवला. फाइल्स मेलवर आल्या तेव्हा एमएस्सीचा प्रोजेक्ट संपल्यातच जमा आहे, असं मला वाटलं. प्रत्यक्षात पुढचे तीन आठवडे कॉलेज रोडवरच्या खोलीत मी त्या अक्षरांशीच झगडत होते. तुम्ही नुकते या कामाला लागला असाल, तर ते आठवडे तुमच्या उपयोगी पडावेत.

आमच्याकडे लिनक्सवर एम्बॉस हा सिक्वेन्स हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचा मोफत संच होता. त्यात एकेका कामाला एकेक छोटी कमांड आहे. आयटीएस ४ या प्रायमरची (पीसीआरची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) २० अक्षरं छापील कागदावरून न्यूसेक या कमांडमध्ये टाइप करायची होती. मैत्रीण वाचायची, मी टाइप करायचे. पंख्याच्या घरघरीत जी, सी आणि टी कानाला सारखेच लागायचे. मग आम्ही ठरवून टाकलं: ए म्हणजे आलं, सी म्हणजे साखर, जी म्हणजे गूळ, टी म्हणजे टोमॅटो. दहा-दहा अक्षरांचे गट पाडून वाचायचं आणि शेवटी इन्फोसेकने लांबी बघायची. १९ आली की पुन्हा पहिल्यापासून. प्रायमरमध्ये एक अक्षर चुकलं तर पुढचा सगळा पीसीआर वाया जाऊ शकतो, त्यामुळे इथे कंटाळा करू नका.

खरी फसगत कापताना होते. रीडची, म्हणजे मशीनने वाचलेल्या अक्षरांच्या ओळीची, सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं भरवशाची नसतात, शेवटही ढासळतो. मी कटसेकने आधी १ ते ३८ कापली आणि मग मशीनने दिलेला शिखरांचा आलेख बघून टिपून ठेवलेली ६११ पासून पुढची. पण पहिल्या कापणीनंतर सगळे क्रमांक ३८ ने मागे सरकले होते. जुनं ६११ आता ५७३ झालं होतं. शेवटाची ३८ खराब अक्षरं फाइलमध्ये तशीच राहिली आणि दोन दिवस माझ्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून मी नेहमी शेपटाकडून कापते.

दुसरी गोष्ट शेलची, म्हणजे ज्यात कमांड टाइप करतो त्या प्रोग्रॅमची. सिक्वेन्स साठवायच्या फास्टा फाइलमध्ये नावाची ओळ 'पेक्षा मोठे' या चिन्हाने सुरू होते आणि शेलमध्ये तेच चिन्ह निकाल फाइलमध्ये लिहायला वापरतात. ग्रेप या मजकूर शोधायच्या कमांडने नावं मोजताना मी ते अवतरणात टाकायला विसरले. एंटर दाबलं आणि फाइल ० बाइटची झाली. मूळ रीड मेलमध्ये होती, केलेली दुरुस्ती मात्र गेली. आता मूळ फाइलला मी फक्त वाचायची परवानगी ठेवते, प्रत्येक कमांडचा निकाल नव्या नावाने साठवते आणि कमांड एका साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवून ठेवते.

मूळ रीडमधलं २१२ वं अक्षर एन, म्हणजे 'नक्की कोणतं ते कळलं नाही', असं होतं. आलेखात तिथे सी आणि टीची शिखरं एकावर एक चढलेली. डेटाबेसमधल्या जवळच्या सिक्वेन्समध्ये टी होता, म्हणून मी टी लिहायला निघाले. मार्गदर्शक सरांनी विचारलं, "हे तुमच्या बुरशीने सांगितलं, की दुसऱ्या कुणाच्या?" मग रिव्हर्स रीड, म्हणजे तोच तुकडा समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलेली ओळ घेतली, रेव्हसेक या कमांडमधून काढली. लक्षात ठेवा, नुसतं उलटं करून चालत नाही. ए-टी आणि जी-सी अशी अदलाबदलही व्हावी लागते, आणि रेव्हसेक दोन्ही करते. रिव्हर्स रीडमध्ये त्या जागी स्वच्छ, एकटं जीचं शिखर होतं. म्हणजे आपल्या बाजूने सी.

अक्षरं बदलणाऱ्या बायोसेड कमांडला 'एनच्या जागी सी' एवढंच सांगितलं तर ती सगळेच एन बदलेल, म्हणून आजूबाजूच्या अक्षरांसकट सात अक्षरांचा तुकडा दिला. कापलेल्या फाइलमध्ये ते अक्षर १७४ वं होतं. वहीत दोन्ही क्रमांक लिहिले, शेजारी दोन्ही आलेखांच्या छापील प्रती चिकटवल्या आणि मगच कमांड चालवली.