बागेतल्या शेडमध्ये जिम केलीये, आता थंडीत हीटर कुठला घ्यायचा?

इंग्लंडात घरं लहान, ट्रेडमिल ठेवायला जागा कुठली, म्हणून मग बेंच, डंबेल्स, सायकल सगळं मागच्या बागेतल्या शेडमध्ये जातं आणि सप्टेंबरपर्यंत मजेत चालतं. नोव्हेंबर लागला की सकाळी सहाला आत तीन-चार डिग्री, लोखंडी बार धरला की बोटं बधिर, आणि मग माणूस मोबाईलवर हीटर शोधत बसतो. हीटर सगळ्यात शेवटी घ्यायचा, त्याच्या आधी बाकीची कामं आहेत.

पहिलं म्हणजे किती गरम पाहिजे ते ठरवा. हॉलमध्ये ठेवतो तसं २०-२१ इथे अजिबात नको, घामाघूम होऊन दार उघडाल. इथल्या कामाच्या जागांसाठीच्या सरकारी गाइडलाइनमध्ये साध्या कामाला १६ डिग्री आणि अंगमेहनतीच्या कामाला १३ डिग्री धरलेत, तोच १३ चा आकडा वजनं-सायकलिंगवाल्यांनी धरायचा. दहा मिनिटं दोरीच्या उड्या मारल्या की जॅकेट निघतंच. योगासनं करणाऱ्यांचं मात्र वेगळं, शवासनात गार जमिनीवर पडायचं तर १८-१९ लागतं. घरात दोघं दोन प्रकारचे असतील तर योगावाल्याच्या हिशोबाने घ्या.

मग इन्सुलेशन, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणारं अस्तर, आणि हे टाळून पुढे गेलात तर गळक्या बादलीत पाणी ओतत बसाल. हिशोबच बघा ना. १० बाय ८ फुटांची शेड, भिंती, छप्पर, फ्लोअर मिळून साधारण ३७ चौरस मीटर. नुसत्या लाकडी फळ्या असतील आणि बाहेर ३, आत १५ ठेवायचं असेल तर साधारण सव्वा ते दीड किलोवॅट सतत जाळायला लागते. त्याच भिंतींना आणि छपराला आतून ५० मिलिमीटरचे पीआयआर बोर्ड (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे तक्ते) लावले, खालीही टाकले, की तीच गरज २०० वॅटच्या आसपास येते, फटींतून जाते ती वेगळी. म्हणून बोर्डांच्या सांध्यांवर फॉइल टेप मारायची, दाराला रबरी पट्टी लावायची. बाहेरची फळी आणि बोर्ड यांच्यात बोटभर हवेची जागा सोडायची नाहीतर लाकूड आतून कुजतं. फ्लोअरला बोर्डवर १८ मिलिमीटरचा प्लायवूड आणि वर रबर मॅट, म्हणजे डेडलिफ्ट आपटलीत तरी बोर्ड दबत नाही. एक छोटा व्हेंट मात्र उघडा ठेवाच, माणूस श्वास घेणार आहे आत.

आता वीज. इथल्या १३ अँपच्या प्लगमधून जेमतेम ३ किलोवॅट मिळते. २ किलोवॅटचा हीटर जवळजवळ ९ अँप खातो, आणि जड माणूस पळायला लागला की ट्रेडमिलही दीड-दोन किलोवॅट ओढू शकते, म्हणजे घरातून ओढलेल्या एका एक्स्टेन्शनवर दोन्ही चालणार नाहीत, फ्यूज उडेल. आणि फ्यूज उडाला तर बरंच म्हणायचं, गुंडाळलेल्या रीलवर हीटर चालवला तर वायर वितळते. शेडला वेगळं सर्किट, जमिनीतून आर्मर्ड केबल (धातूचं कवच असलेली), ३० मिलिअँपचा आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), असं रजिस्टर्ड इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. इंग्लंडात नवं सर्किट बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या खात्याला, कळवावं लागतं, रजिस्टर्ड माणूस ते स्वतःच करतो आणि सर्टिफिकेट देतो, घर विकताना तो कागद लागतो.

एवढं झालं की हीटर. रोज अर्धा-पाऊण तास व्यायाम असेल तर मी २ किलोवॅटचा साधा फॅन हीटर किंवा थर्मोस्टॅटवाला कन्व्हेक्टर (पंख्याशिवाय हवा तापवणारा हीटर) सांगेन. टायमर लावून पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करायचा, इन्सुलेटेड शेड पटकन तापते आणि मग तुमच्या अंगाचीच उष्णता पुरते. अर्धा तास म्हणजे एक युनिट, २५ पेन्स दर धरला तर पाव पौंडात काम. आत तेल भरलेला विजेचा रेडिएटर शांत असतो पण तापायला वेळ घेतो, दिवसभर शेडमध्ये बसून ऑफिसचं कामही करत असाल तरच घ्या. इन्फ्रारेड पॅनेल हवा तापवण्यापेक्षा समोरच्या माणसाला तापवतो, छताला बेंचच्या किंवा मॅटच्या बरोबर वर लावला तर मस्त, पण इकडेतिकडे हलत व्यायाम करणाऱ्याची एक बाजू तापते नि दुसरी गारच. योगासाठी मी तोच घेईन. उलट फिरणारा एसी, म्हणजे हीट पंप, एका युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता देतो आणि उन्हाळ्यात गारही करतो, पण फिटिंग धरून हजार पौंडांच्या पुढे जातो, त्यामुळे दोन-तीन जण रोज तासन्‌तास वापरणार असाल तरच परवडतो.

गॅसचा किंवा पॅराफिनचा हीटर नकोच. एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ होते, ती तुमच्या बारवर बसते, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची भीती वेगळी. धापा टाकत व्यायाम करणाऱ्याच्या तर हा वायू फुप्फुसात जास्तच जाणार.

दमटपणा ही शेडमधली खरी डोकेदुखी. घाम, श्वास, वर गार पत्रा नाहीतर काच, सकाळी बघावं तर प्लेट्सवर गंज आणि ट्रेडमिलच्या डिस्प्लेमागे पाणी. बऱ्याच कंपन्या ट्रेडमिल शेडमध्ये ठेवली तर वॉरंटीच देत नाहीत, घेताना बारीक अक्षरं वाचा. मुख्य हीटर बंद असताना भिंतीच्या खालच्या बाजूला ८०-१०० वॅटचा ट्यूब हीटर थर्मोस्टॅटवर ठेवायचा, ५-६ डिग्रीच्या खाली उतरू द्यायचं नाही. त्याने भागलं नाही तर डेसिकंट डीह्युमिडिफायर (ओल शोषणाऱ्या पदार्थाने हवा कोरडी करणारं यंत्र), कॉम्प्रेसरवाला नको, तो गारठ्यात नीट चालत नाही. व्यायाम झाल्यावर पाच मिनिटं दार सताड उघडं टाका आणि बार कोरड्या फडक्याने पुसा.

हीटर भिंतीवर लावायचा तर त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं अंतर सोडा, ओला टॉवेल वर टाकू नका, छताला स्मोक अलार्म लावा. आणि घराच्या इन्शुरन्सवाल्यांना फोन करून शेडमध्ये हीटर आणि मशिन्स आहेत हे कळवून ठेवा, काही पॉलिस्यांमध्ये शेडमधल्या सामानाला मर्यादा असते.